सारख्या अंतरावरचे तीन माईक

पायलला वायरचा माईक हवा होता. गोष्ट खरं तर एवढीच आहे. तिने ती पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला दोनदा सांगितली, आणि नवऱ्याने ती दोन्ही वेळा ऐकली नाही, कारण त्या वेळी तो तिला माईकबद्दलच समजावून सांगत होता.

"मले वायरवालाच द्या म्हणा साउंडवाल्या प्रेमानंदभाऊले. हातात वजन लागते मले. आदत आहे."

"पायल, दुनिया कुठच्या कुठं गेली अन् तू वायर पकडून बसली," प्रफुल म्हणाला. "मी आहे ना. टेन्शन नको घेऊ. असा सेट करून देतो की तुह्या आवाजाले धक्का लागणार नाही."

प्रफुल मेश्राम भिलाईजवळच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा, रिसालीत राहायचा आणि लग्नाच्या आधीपासून पीएच.डी. करायचा. ती अजून चालूच होती. विषय होता रेडिओ लहरींचे ॲम्प्लिफायर. ते कुठवर सरळ वागतात, कुठे वाकडे जातात, ते वाकडेपण मोजायचं आणि गणितात बसवायचं. त्याची आई गिरजाबाई शेजारणींना एवढंच सांगायची, "पोरगा रेडिओ सुधारते." प्रफुलला पूर्वी याचा राग यायचा. आता वाटायचं, सुधारत असता तर निदान एखादा सुधारलेला रेडिओ तरी घरात दिसला असता.

विषय मात्र गमतीचा होता. ॲम्प्लिफायरला बेताचं दिलं तर तो इमानदारीने मोठं करून देतो. जास्त दिलं की तो दबतो, आणि दबला की पदरचं घालू लागतो. एकच लहर दिली तर हे पदरचं लांब कुठेतरी जाऊन पडतं, तिकडे कानाडोळा करता येतो. पण दोन लहरी एकदम दिल्या, की त्यांच्या सरमिसळीतून तिसरीच एक जन्माला येते आणि ती अगदी शेजारी बसते. पहिल्या दोघींत जेवढं अंतर, बरोबर तेवढ्याच अंतरावर. पुस्तकात हे सुरुवातीच्याच धड्यात आहे. प्रफुल तो धडा दरवर्षी शिकवायचा, फळ्यावर काटे काढून, आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न टाकायचा.

एवढं असून त्याचा शोधनिबंध मार्चमध्ये परत आला होता. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, तुम्ही सगळी मापं एकेक लहर देऊन घेतली आहेत. दोन एकत्र देऊन बघा, मग तुमचं गणित टिकतं का ते सांगा. प्रफुल आठवडाभर धुमसत होता. "या माणसानं जिंदगीत सोल्डरिंगचा धूर तरी खाल्ला का?" असं तो पायलला विचारायचा, जणू पायल त्या माणसाच्या माहेरची होती. खरं कारण साधं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये लहरी तयार करणारी दोन यंत्रं होती आणि त्यांतलं एक बंद पडलेलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण थोडं वाकडं होतंही, पण त्याने नाच सोडून अंगणावरच दोन परिच्छेद लिहिले होते.

पायल गोंदियाची. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. लग्नाआधी ती त्यांच्याबरोबर गावोगावच्या विहारांपुढे भीमगीतं म्हणायची. भिलाईत आल्यावर शाळेतली नोकरी, घर, सासू आणि नवऱ्याची पीएच.डी. एवढ्यात गाणं कुठे बसेना. 'एकदा थीसिस जमा होऊ दे' असं प्रफुल म्हणायचा, आणि थीसिस काही जमा होत नव्हती. यंदा कॅम्प-१ च्या जयंती समितीने आपण होऊन तिला विचारलं, चौदा एप्रिलला एक गाणं म्हणशील का. पायल ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेली आणि कुकरच्या शिट्टीच्या आडून तिने सूर लावून पाहिला. प्रफुलने तो ऐकला आणि त्याला कसंसंच झालं. किती वर्षं ही गायली नाही, आणि आपल्यामुळे गायली नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. बायकोसाठी आता काहीतरी करायचंच, असं त्याने ठरवलं. आणि मग त्याने नेमकं तेच केलं, जे तो एरवीही स्वतःच्या हौसेसाठी करणार होता.

त्याने कॉलेजातून स्पेक्ट्रम ॲनलायझर उचलून आणला. हवेतल्या लहरी पडद्यावर काट्यांसारख्या उभ्या दाखवणारी ती पेटी. विभागप्रमुखांना 'फील्ड मेजरमेंट' सांगितलं, पेटी आईच्या गोधडीत गुंडाळली आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून दुपारच्या उन्हात कॅम्प-१ चं मैदान गाठलं. मैदानात मंडप उभा राहत होता, निळ्या पताका लागत होत्या. प्रेमानंद साउंडवाल्याने नुकतेच तीन बिनतारी माईक घेतले होते आणि त्यांचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं.

"प्रेमानंदभाऊ, हे तुम्ही कंपनीनं दिलं तसंच लावता का?" प्रफुलने विचारलं.

"हो सर. चालते ना."

"चालते, पण सायंटिफिक नाही."

प्रफुलने तिन्ही माईकची फ्रीक्वेन्सी आपल्या हाताने बदलली. पायलला पाचशे वीस, समितीचे अध्यक्ष गुलाबकाका यांना पाचशे पंचवीस, आणि तिसरा जास्तीचा होता त्याला पाचशे तीस. तो 'इमर्जन्सीसाठी' प्रफुलने स्वतःकडे ठेवला. मग एकेक माईक चालू करून तपासला. पायलचा सुंदर. बंद. काकांचा सुंदर. बंद. त्याचा स्वतःचा तर फारच सुंदर. शेवटी तिन्ही एकदम चालू करून त्याने गुलाबकाकांना पडद्यापाशी बोलावलं. पडद्यावर तीन काटे, सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर. त्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन बारीक काटे लुडबुडत होते. प्रफुलला ते गबाळे दिसले, म्हणून त्याने पडद्याची चौकटच आवळली. दोन्ही गेले.

"वा रे वा!" गुलाबकाका म्हणाले. ते स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवून रिटायर झालेले. ओळीत असलेली कोणतीही गोष्ट त्यांना आवडायची. "समता सैनिक दलाच्या परेडवानी उभे आहे तिन्ही. यालेच म्हंते शिक्षण!"

प्रफुलने मान खाली घालून हे कौतुक स्वीकारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती आपणच आत्ता झाकली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. गिरजाबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. माईकचा आवाज पकडणारा डबा स्टेजच्या कडेला एका टेबलावर होता आणि त्याला खेटून दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर गुलाबकाका, दुसरीवर प्रफुल. काका हातातला माईक कधीच खाली ठेवत नसत आणि बंद तर मुळीच करत नसत. पण त्यात काही बिघडणार नव्हतं. गाणं चालू असताना त्या दोघांचे आवाज बंद ठेवायचे, असं प्रेमानंदला सांगून ठेवलं होतं. प्रेमानंद मैदानाच्या मागच्या टोकाला आपली बटणं सांभाळत बसला होता.

पायलने सुरुवात केली. जयंतीचं, उसळत्या चालीचं गाणं होतं. पहिली ओळ अशी स्वच्छ गेली की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. प्रफुलने समाधानाने डब्याकडे पाहिलं.

दुसऱ्या ओळीला ती गात गात पुढे गेली आणि स्पीकरमधून घर्रर्र झालं. पायलचा आवाज मध्येच गिळला गेला आणि त्याच्या जागी एक राक्षसी घोगरा आवाज मैदानावर घुमला, "...चहा सांगितला का नाही बे कोणी..."

लोक हसले. पायलने डोळे मिटून पुढची ओळ घेतली. आपलाच आवाज न ओळखून गुलाबकाका इकडेतिकडे बघत होते, कारण त्यांना स्वतःलाही चहाच हवा होता. प्रफुल आपला चालू माईक हातात घेऊनच उठला आणि ताडताड चालत थेट मागच्या टोकाला गेला.

"काकाचा आवाज खाली आहे ना?"

"पुरा खाली आहे सर. पाहा ना."

खरंच खाली होता. आणि तोवर पायलचा आवाजही काचेसारखा स्वच्छ झाला होता. प्रफुल थोडा वेळ थांबला, एक वायर उगाच हलवून पाहिली आणि परत येऊन खुर्चीत बसला. तो बसला आणि पुन्हा घर्रर्र झालं. तो पुन्हा पळाला. तिथे पोचेपर्यंत आवाज पुन्हा लख्ख. त्याने आणखी एक वायर हलवली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं ते चाललं होतं. पण प्रफुलच्या मनात वेगळीच शंका डोकावली, आणि ती त्याला मनापासून आवडली. आपण नुसते जवळ गेलो तरी मशीन सुधारतं की काय? काही माणसांच्या हाताला गुण असतो म्हणतात.

या गुणाच्या भरात तो तिसऱ्यांदा येऊन खुर्चीत टेकला. पायल कडव्याच्या वरच्या सुरावर होती. गुलाबकाका त्याच्याकडे झुकले आणि म्हणाले, "लय गोड आवाज आहे रे सूनबाईचा."

यावर नवऱ्याने 'हो' म्हणायचं असतं. जगातले सगळे नवरे म्हणाले असते. प्रफुलही काकांकडे झुकला. त्याच्या मांडीवरचा माईक काकांच्या माईकला जवळजवळ टेकला, आणि तो तज्ज्ञाच्या आवाजात हळूच म्हणाला, "काका, खरं सांगू का? आवाज तसा साधाच आहे. मशीन बरोबर सेट केली, की कोणाचाबी आवाज खुलते."

मैदानाच्या चारही स्पीकरमधून, पायलच्या सुराच्या जागी, नरड्यात खडे भरल्यासारख्या आवाजात ते आलं. पण शब्द न् शब्द कळला. आवाज तसा साधाच आहे. मशीन बरोबर सेट केली, की कोणाचाबी आवाज खुलते. समोरच्या विहाराच्या भिंतीवर आपटून ते पुन्हा एकदा आलं.

पायल थांबली. ढोलकीवाला दोन ठेके पुढे गेला आणि तोही थांबला. गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या माणसांच्या मैदानात फक्त जनरेटरची घरघर उरली.

अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटायला हवं. प्रफुललाही वाटलं, पण जरा उशिरा. खरी लाजिरवाणी गोष्ट ही, की त्याच्या मनात सगळ्यात आधी आला तो आनंद. दोन लहरी! एक काकांच्या हातात, एक आपल्या मांडीवर. शेजारी शेजारी असल्या की दोघी मिळून तिसरी काढतात. आपण लांब गेलो की ती मरते, म्हणून आपण बटणांपाशी गेलो की सगळं ठीक. आणि ती तिसरी पडते कुठे?

"दोनदा पाचशे पंचवीस," तो स्वतःशी पुटपुटला, "वजा पाचशे तीस..."

हेही मैदानाने ऐकलं.

"...पाचशे वीस!" स्पीकर गरजले.

"कोण हिशेब करून राहिलं बे?" गुलाबकाकांनी विचारलं, आणि तेही स्पीकरनेच विचारलं. मग मात्र मैदान फुटलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. पोरांनी मोबाइल वर धरले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रफुलने काखेतला कळसा बंद केला, त्यातले सेल काढले आणि ते कोणी हिसकावून घेईल अशा भीतीने मुठीत धरले. तीन माईक सारख्या अंतरावर लावू नयेत, एवढंही न कळणाऱ्या पोराला त्याने परीक्षेत शून्य दिलं असतं. दुपारी पडद्यावर जे दोन बारीक काटे त्याने चौकट आवळून हाकलले, ते हेच सांगायला आले होते. आणि जो काटा पायलच्या जागेवर पडत होता, तो पायलच्याच काट्याखाली लपला होता. तपासणाऱ्या त्या माणसाने हेच तर लिहिलं होतं. आता त्याच्यावर चिडायची सोय राहिली नव्हती.

पायल स्टेजवरून त्याच्याकडे पाहत होती. मग तिने माईक ओठांशी नेला. आता तिचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"झालं का तुमचं?"

मैदान पुन्हा हसलं. प्रफुलने मान हलवली. पायल वळून पेटीवाल्याशी काहीतरी बोलली, ढोलकीवाल्याला हाताने थांब म्हणाली आणि उभी राहिली.

प्रफुल स्टेजच्या मागे धावला. तिथे गोधडीवर त्याचा ॲनलायझर होता. त्याने पडद्याची चौकट मोठी केली आणि श्वास रोखून पाहिलं. बाहेरच्या बाजूचे दोन्ही बारीक काटे गेले होते. काकांच्या काट्यापासून अलग, पायलचा काटा ताठ उभा होता. त्याने फोटो काढला. आणखी एक काढला. लॅबमध्ये ज्याला वर्षभर यंत्र मिळालं नाही, ते माप आज जयंतीच्या मंडपात आपसूक मिळालं होतं. निबंध दुरुस्त करता येईल, गणितात काकांचा माईक कुठे बसवायचा, दोन माईकमधलं अंतर कसं धरायचं, असं सगळं त्याच्या डोक्यात भराभर चालू झालं. शरम होतीच. पण शरम एका बाजूला आणि आनंद दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमध्ये त्याला इतकी गर्दी झाली की बराच वेळ तो त्या हिरव्या काट्यावरून नजर हलवू शकला नाही. एकदाही तो काटा थरथरला नाही.

गाणं संपलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. साउंड साफ झाला की लोकांना लगेच कळतं, असं प्रफुलला वाटलं.

स्कूटर मैदानातच ठेवून तिघं रिक्षाने घरी निघाले. गिरजाबाईंचे डोळे लाल होते. मैदानात धूळ फार होती, असं प्रफुल म्हणाला.

सकाळी पायल शाळेला निघाली तेव्हा तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. रात्रभर त्याने वाक्य जुळवलं होतं.

"पायल, काल ते जे मी बोललो ना, तसं माह्या मनात नव्हतं. काकासमोर शायनिंग मारत होतो. माफ कर."

"बोलले ते बोलले," पायल डबा पिशवीत ठेवत म्हणाली. "साऱ्या कॅम्पनं ऐकलं, आता त्याचं काय करता? मी दुसरंच विचारते. मंग कसं झालं?"

"अरे एकदम क्लीन!" प्रफुल खुलला. "एक काटा फालतू नव्हता. फोटो आहे माह्यापाशी."

"गाणं कसं झालं, विचारून राहिली."

"तेच तर सांगून राहिलो. पहिल्या वेळी जे जे तुटलं ना, ते या वेळी सगळं आलं. वरचा सूर पण."

पायलचा हात पिशवीवरच थांबला.

"कोणतं म्हटलं मी?"

"मंजे? तेच ना. जयंतीवालं. कुकरपाशी म्हणत होती ते."

पायलने पिशवीची चेन लावली. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. "येते," ती आतल्या दिशेला म्हणाली, म्हणजे सासूला, आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं प्रफुलला वाटलं. रागाचं त्याला जमत असे. माफी मागायची सवय होती.

त्याने घाईघाईने फोन उघडला. समितीच्या ग्रुपवर कालचे व्हिडिओ पडले होते. पाचशे वीसचा हिशेब सहा जणांनी टाकला होता, सहा बाजूंनी, त्यातल्या एकात तर त्याचा चेहराही स्पष्ट होता. लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती आणि कोणीतरी लिहिलं होतं, सर, पीएच.डी. मिळाली समजा. 'झालं का तुमचं' इथपर्यंत सगळं होतं. त्याच्या पुढचं कोणाकडेच नव्हतं. त्याने प्रेमानंदला विचारलं. प्रेमानंदने उत्तर पाठवलं की सर, त्या वेळी कोणी मोबाइल धरलाच नाही, मी पण नाही.

गिरजाबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. प्रफुल तिथे जाऊन उभा राहिला, मग पाटावर बसला, मग त्यानेही एक जुडी ओढून घेतली.

"आई," तो म्हणाला, "काल दुसऱ्या वेळी तिनं कोणतं गाणं म्हटलं?"

गिरजाबाईंनी हात थांबवले नाहीत. "रमाईचं. बाबासाहेब तिकडं साता समुद्रापार शिकून राहिले, अन् इकडं रमाई शेण्या थापून घर चालवून राहिली, ते. पेटी पण नको म्हणे. नुसती उभी राहून म्हटलं पोरीनं. गुलाबभाऊवानी माणूस, त्यानं माईक खाली ठेवला अन् उपरण्यानं डोळे पुसले. सारं मैदान रडून राहिलं होतं."

मग त्यांनी वर पाहिलं.

"कावून विचारते रे? तू तं तिथंच होता ना?"